एका क्षेत्रातलं मॉडेल दुसऱ्या क्षेत्रात नेताना

दोलक (धागालेखक)

नमस्कार मंडळी. माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं, पण गेली अकरा वर्षं काम करतोय ते एका कंपनीत, मागणीचे अंदाज बांधण्याचं. एकीकडे शिकलेलं मॉडेल दुसरीकडे वापरणं हे माझं रोजचंच. कधी ते छान लागू पडतं, कधी सपशेल फसतं, आणि फसतं तेव्हा गणितात चूक सापडत नाही. असं का होतं यावर इथल्या निरनिराळ्या क्षेत्रांतल्या लोकांशी बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

आधी माझी चूक सांगतो. एका नव्या उत्पादनाची पहिल्या चौदा महिन्यांची विक्री माझ्यासमोर होती. सुरुवातीला संथ, मग वेगाने चढणारी. मी तिला लॉजिस्टिक वक्र बसवला, म्हणजे आधी चढणारा आणि मग एका छताला टेकून सपाट होणारा. वक्र इतका चपखल बसला की मला शंकाच आली नाही. त्याने दाखवलेल्या छतावर भरवसा ठेवून मालाचं नियोजन झालं. पुढच्या दीड वर्षात विक्री त्या छताच्या दुपटीवर गेली आणि माल कमी पडला.

नंतर शांतपणे बसून पाहिलं तेव्हा कळलं. वक्र वळायच्या आधीच्या टप्प्यात वाढ जवळजवळ चक्रवाढीसारखी असते. त्या टप्प्यातल्या आकड्यांत छताबद्दल माहितीच नसते म्हटलं तरी चालेल. छत एक लाख धरा नाहीतर तीन लाख, पहिल्या चौदा महिन्यांच्या रेषा एकमेकींवर पडतात. संगणकाला एक आकडा द्यावाच लागतो, म्हणून तो देतो. मी त्या आकड्याची त्रुटीमर्यादा पाहिली असती तर ती छताहूनही मोठी दिसली असती. मी ती पाहिली नव्हती.

ही चूक जुनी आहे. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी हे समीकरण मांडलं. १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी ते नव्याने शोधून अमेरिकेच्या १७९० ते १९१० च्या जनगणनांना बसवलं. एकशेवीस वर्षांचे आकडे रेषेवर सुरेख बसले. त्यावरून त्यांनी कमाल लोकसंख्या काढली ती सुमारे १९.७ कोटी. १९६० चं दशक संपण्याआधीच अमेरिकेने २० कोटींचा आकडा ओलांडला, आणि आज ती ३३ कोटींच्या पुढे आहे.

बाटलीत वाढणाऱ्या यीस्टला हेच समीकरण फार चांगलं लागू पडतं. कारण बाटलीत साखर ठरावीक असते, आणि छत म्हणजे ती साखर. देशाच्या लोकसंख्येत साखरेच्या जागी काय आहे? जमीन म्हणावी, तर शेतीचं तंत्र बदलतं. स्थलांतर होतं, जन्मदर वर-खाली होतो. छत नावाचं प्राचल, म्हणजे समीकरणात बसवायचा आकडा, तिथे स्थिर आहे, वास्तवात ते स्वतःच हलतं आहे. माझ्या उत्पादनाच्या बाबतीत तर कंपनीनेच सहाव्या महिन्यानंतर विक्रीची नवी क्षेत्रं उघडली होती. म्हणजे बाटली आम्हीच मोठी करत होतो आणि मी मात्र जुन्या बाटलीतली साखर मोजत बसलो होतो.

तेव्हापासून कुठलंही मॉडेल उचलताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: मूळ क्षेत्रात जी गोष्ट या चिन्हामागे उभी होती, तिची जागा इथे कोण घेतंय? उत्तर देता आलं नाही, तर समीकरण कितीही ओळखीचं असो, मी थांबतो.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी मॉडेलांच्या विरोधात आहे असं वाटेल. फ्रँक बास यांनी १९६९ मध्ये नव्या वस्तूंच्या खपाचं मॉडेल मांडलं. त्यात छताशिवाय दोन प्राचलं आहेत: एक, बाहेरून जाहिरात वगैरे पाहून स्वतःहून घेणारे, दुसरं, आधी घेतलेल्यांचं पाहून घेणारे. समीकरण मांडून पाहा, ते साथीच्या रोगाचंच निघतं, फक्त बरं होण्याचा भाग नाही. इथे मात्र तुलना नुसती दिसण्यापुरती नाही. रोग जसा माणसाकडून माणसाकडे जातो, तशी खरेदीची इच्छाही खरोखर माणसाकडून माणसाकडे जाते. टिकाऊ वस्तूंच्या पहिल्या खरेदीसाठी हे मॉडेल पन्नासहून अधिक वर्षं टिकलंय ते त्यामुळे. पुन्हा पुन्हा घ्यायच्या वस्तूला ते लावलं की कोसळतं, कारण त्या वस्तूचा ग्राहक ‘संपत’ नाही.

तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा. फसलेले असतील तर आधी.

जोखीममापक

धागा आवडला. मी वित्तीय जोखीम मोजण्याच्या कामात आहे. आमच्याकडचं सगळ्यात मोठं उसनं समीकरण म्हणजे ब्राउनीय गती.

यातली एक गंमतीची गोष्ट अशी की ते भौतिकशास्त्राकडून आमच्याकडे आलं असं सरसकट म्हटलं जातं, पण तारखा उलट सांगतात. रॉबर्ट ब्राउन यांनी पाण्यात परागकणांमधल्या सूक्ष्म कणांची थरथर १८२७ मध्ये पाहिली. त्या गतीचं गणित लुई बाशेलिये यांनी १९०० मध्ये पॅरिसला प्रबंधात मांडलं, आणि तो प्रबंध रोख्यांच्या किमतींवर होता. आइनस्टाइन यांचा निबंध १९०५ चा. पुढे जाँ पेरँ यांनी प्रयोगांनी तो पडताळला आणि अणू खरे आहेत हे शंकेखोरांनाही मानावं लागलं. बाशेलिये यांचं काम मात्र पन्नासेक वर्षं फारसं कुणी वाचलं नाही.

दोलक यांचा प्रश्न इथे लावून पाहू. पाण्यातल्या कणाला दर सेकंदाला असंख्य रेणूंचे धक्के बसतात. धक्के लहान, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि त्यांना आठवण नसते. या तीन गोष्टी असल्या की बेरीज घंटेच्या आकाराच्या वितरणाकडे जाणारच. बाजारात धक्क्यांच्या जागी कोण? खरेदी-विक्री करणारी माणसं. ती एकमेकांकडे पाहतात. आज किंमत वर जाईल की खाली हे कालच्यावरून सांगता येत नाही, इथपर्यंत कणाशी साम्य आहे. पण हालचालीचा आकार लक्षात राहतो: मोठ्या उलथापालथीच्या दिवसानंतर मोठ्या उलथापालथीचाच दिवस येण्याची शक्यता जास्त. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये हे मॉडेलमध्ये आणलं आणि त्यासाठी त्यांना २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. दिवसाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या नेहमीच्या चढ-उताराचं माप, साधारण एक टक्का धरलं, तर ही वीसहून जास्त विचलनांची घटना झाली. घंटेच्या वितरणात असा दिवस विश्वाच्या वयातही यायला नको.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचं वेगळंच आहे. त्या काळात मोठ्या निधींनी ‘पोर्टफोलिओ विमा’ घेतला होता. तो म्हणजे कागदावरचा विमा नव्हे, तर ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या, किमतीच्या सूत्रावरून आखलेली विक्रीची रीत: भाव पडेल तसं विकत जायचं. ते सूत्र ब्लॅक आणि शोल्स यांचं, १९७३ चं, आणि त्याचं एक गृहीतक असं की तुमच्या व्यवहाराने भाव हलत नाही. एकट्याने वापरलं तर ते जवळपास खरं आहे. सगळ्यांनी एकदम वापरलं तेव्हा विक्रीने भाव पडला, भाव पडला म्हणून आणखी विक्री झाली. घसरणीला त्याने जोर दिला. पाण्यातल्या कणाने आइनस्टाइन यांचा निबंध वाचलेला नसतो. बाजारातल्या माणसाने सूत्र वाचलेलं असतं, आणि वाचल्यामुळे तो वेगळा वागतो.

त्या घसरणीनंतर ऑप्शनच्या किमतींतही बदल झाला. सूत्राप्रमाणे एकाच शेअरच्या सगळ्या ऑप्शनांतून अस्थिरतेचा एकच आकडा निघायला हवा. १९८७ नंतर निर्देशांकाच्या, खोल पडझडीपासून संरक्षण देणाऱ्या ऑप्शनांतून निघणारा आकडा चढाच राहिला, आजही राहतो. म्हणजे बाजार सूत्र वापरतो, पण ते जिथे खोटं पडतं ती जागा ओळखून त्यात वेगळा आकडा घालतो. मी रोज हेच करतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

अनुत्तरित

मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जोखीममापक सर, एक विचारू का? आमच्या पुस्तकात एका दिवसाच्या जोखमीला दहाच्या वर्गमुळाने गुणून दहा दिवसांची जोखीम काढली आहे. ते वर्गमूळ कुठून येतं हे सिद्धतेत कळलं, पण मनाला पटत नाही. दहा दिवस तर दहा पट का नाही?

दोलक

अनुत्तरित, हे मी घेतो, कारण यासाठी बाजारापेक्षा जीवशास्त्राचं उदाहरण सोपं आहे.

यादृच्छिक, म्हणजे काही नेम नसलेली, पावलं टाकणारा साधारण निम्मी पावलं मागे घेतो. त्यामुळे चौपट वेळ चालला तरी सरासरी दुप्पटच लांब पोचतो. आता पाण्यात विरघळलेला छोटा रेणू घ्या. पेशीची रुंदी धरू एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढं अंतर तो नुसत्या विसरणाने (डिफ्यूजन, म्हणजे धक्के खात भटकत पसरण्याने) सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. एक सेंटिमीटर जायला त्याला सुमारे १४ तास लागतात. आणि एक मीटर जायला? जवळपास १६ वर्षं. अंतर शंभर पट वाढलं की वेळ दहा हजार पट. सूक्ष्मजीवाला हृदय लागत नाही आणि आपल्याला लागतं, याचं एक मोठं कारण या वर्गमुळात आहे.

तुमच्या पुस्तकातलं दहाचं वर्गमूळ, म्हणजे ३.१६, हेच आहे. बँकांच्या १९९६ च्या बाझल नियमांनीही ही पद्धत चालवून घेतली होती. पण पावलं स्वतंत्र असतील तरच. घबराटीत सगळी पावलं एकाच दिशेला पडू लागली की जोखीम दहा पटीकडे सरकते, म्हणजे तुमच्या मनाने आधी दिलेल्या उत्तराकडे.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. वरच्या प्रतिसादांत सगळीकडे ‘मॉडेल बसलं पण चुकलं’ असं आलंय. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक याच्या बाजूची आणि एक थोडी वेगळी.

वेगळी आधी. १९४३ मध्ये साल्व्हाडोर ल्युरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी एक प्रयोग केला. डेलब्रुक मूळचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. प्रश्न असा होता: जिवाणूंवर विषाणू सोडले की बहुतेक मरतात, थोडे टिकतात. टिकणाऱ्यांमधला बदल विषाणूशी गाठ पडल्यामुळे होतो, की तो आधीच, आपोआप झालेला असतो? सरासरी किती टिकले यावरून याचं उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही कल्पना हवी ती सरासरी देऊ शकतात. त्यांनी पाहिलं ते विखुरणं. बदल गाठ पडल्यावर होत असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांतल्या टिकलेल्यांची संख्या प्वासाँ वितरणाने पसरेल, म्हणजे व्हेरियन्स (विखुरण्याचं माप) सरासरीइतकाच येईल. बदल आधी होत असेल, तर एखाद्या नळीत तो फार लवकर झालेला असणार आणि त्याची सगळी पिल्लावळ टिकणार. अशा नळीत संख्या एकदम मोठी दिसेल. प्रत्यक्षात व्हेरियन्स सरासरीच्या कित्येक पट निघाला. बहुतेक नळ्यांत थोडे किंवा शून्य, एखादीत शेकड्याने.

मी विद्यार्थ्यांना हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला तितकाच आनंद होतो. दोन मॉडेलं एकाच सरासरीला बसत असतील, तर ती जिथे वेगळं बोलतात तिथे जाऊन विचारायचं. इथे उत्तर वक्र बसण्यातून आलं नाही, एक वक्र अजिबात न बसण्यातून आलं.

आता दुसरी गोष्ट. साथीच्या रोगांचं जे मॉडेल सगळ्यांना माहीत आहे, ते कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचं, १९२७ चं. मॅकेंड्रिक आधी हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत होते. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, हे गणित त्यांनी त्यानंतर केलं. त्यांनी मॉडेल पडताळायला घेतलेले आकडे मुंबईच्या प्लेगचे आहेत: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले आठवड्यागणिक मृत्यू. तो आलेख आजही पाठ्यपुस्तकांत छापतात, कारण वक्र आणि ठिपके डोळ्यांना सुखावतील इतके जुळतात. त्यांच्या सूत्रात आठवड्याला ८९० मृत्यूंचं शिखर आहे आणि ते सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर येतं. वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं की एकूण ८,९०० मृत्यू येतात.

पण शहराची वस्ती कित्येक लाखांची होती. माणसाकडून माणसाला पसरणारी साथ या मॉडेलप्रमाणे इतक्या लहान आकड्यावर थांबायची असेल, तर प्रत्येक रोगी सरासरी एकाहून किंचितच जास्त जणांना लागण करतो, असं मानावं लागेल. आणि असा योगायोग वर्षानुवर्षं, त्याच ऋतूत पुन्हा पुन्हा घडायला हवा, कारण प्लेग १८९६ पासून दर हिवाळ्या-उन्हाळ्याच्या सुमारास परत येत होता. खरी यंत्रणा होती उंदीर आणि उंदरांवरच्या पिसवा, आणि पिसवांचं जगणं-वाढणं हवेतल्या उष्णतेवर आणि ओलाव्यावर अवलंबून असतं. साथ ओसरली त्यात ऋतूचा मोठा हात होता. सूत्रात ऋतू नाही. तरी वक्र बसला, कारण वर जाऊन खाली येणाऱ्या कुठल्याही टेकडीला तीन प्राचलांचा तसा वक्र बसतोच.

लेखकांनी हे लपवलं नव्हतं, हे आवर्जून सांगते. माणसांमधला प्लेग हा उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं धरलंय, गृहीतकं काटेकोरपणे खरी नाहीत आणि सूत्र अगदी ढोबळ आहे, असं त्यांनी तिथेच लिहिलं आहे. पुढच्यांनी आलेख घेतला आणि ती सूचना तिथेच सोडली.

सरळरेषा

सगळं वाचलं, छान आहे, पण मला एक मूळ गोष्ट पटत नाही. यंत्रणा, यंत्रणा असा जप सगळ्यांनी चालवलाय. मी शिफारस-प्रणालींवर, म्हणजे कुणाला काय आवडेल ते सुचवणाऱ्या प्रोग्रॅमांवर, काम करतो. माझ्या मॉडेलमध्ये लाखो प्राचलं आहेत, त्यातल्या एकाचाही अर्थ मला सांगता येणार नाही. पण मी आकडे दोन भागांत वाटतो, एका भागावर शिकवतो, दुसऱ्यावर तपासतो, आणि अंदाज बरोबर येतो. दोलक यांनी चौदापैकी शेवटचे चार महिने बाजूला ठेवून तपासलं असतं तर त्यांचीही फसगत टळली असती. यंत्रणेची समज ही चांगली गोष्ट आहे, अट नव्हे. हवामानाचे, भाषेचे, प्रथिनांच्या घडीचे प्रश्न ज्या वेगाने सुटताहेत, ते पाहून तरी हे मान्य करायला हवं.

ठिपका

सरळरेषा यांच्याशी निम्मा सहमत. माझं काम रांगांचं आहे: किती खिडक्या, किती खाटा, किती सर्व्हर. एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या खोळंब्यासाठी मांडलेलं गणित आम्ही अजून वापरतो. साध्यात साधं रूप घ्या. खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर रांगेतली सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना १९ पट. आकड्यांवरून शिकणाऱ्या मॉडेलला ६० ते ८० टक्क्यांमधलाच अनुभव असेल, तर ९५ ला काय होईल हे त्याला कळायला मार्ग नाही. तो रेषा पुढे ओढेल आणि चांगलीच चुकेल. सिद्धांत मला तिथे नेतो जिथे मी अजून गेलेलो नाही.

अवांतर: रांगेचंच एक मॉडेल उलट दिशेने गेलंय. पेशीत प्रथिन तयार करताना रायबोसोम (प्रथिनं जोडणारी पेशीतली यंत्रं) आरएनएच्या धाग्यावरून एकामागे एक सरकतात, पुढचा अडला की मागचा थांबतो. हे १९६८ मध्ये जीवशास्त्रासाठी मांडलेलं मॉडेल पुढे भौतिकशास्त्रज्ञांनी उचललं आणि आज वाहनकोंडीसाठीही वापरतात. तिथे ते नीट चाललं, कारण ‘पुढची जागा रिकामी असेल तरच पुढे’ हा नियम तिन्हीकडे अक्षरशः खरा आहे.

दोलक

सरळरेषा, शेवटचे चार महिने बाजूला ठेवायला हवे होते हे पूर्ण मान्य. पण ते महिनेही वळणाच्या आधीचेच होते, त्यामुळे तपासणीत मी पास झालो असतो आणि तरीही छत चुकलंच असतं. बाजूला ठेवलेले आकडे त्याच जगातले असतात. मला भीती असते ती जग बदलण्याची.

आणि त्याहून मोठी अडचण, जग आपणच बदलतो तेव्हा. आमच्याकडचं एक उदाहरण देतो. सवलत आणि विक्री यांचे जुने आकडे मॉडेलला दिले, तर निघालं की सवलत दिली की विक्री कमी होते. कारण व्यवस्थापक विक्री मंदावली की मगच सवलत देतात. विक्रीचा अंदाज म्हणून ते मॉडेल उत्तम होतं, खरंच. सवलत असेल तर महिना मंद आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं. पण ‘मग सवलत बंद करू का’ या प्रश्नाला त्याचं उत्तर साफ चुकीचं. आम्ही शेवटी काही क्षेत्रं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि तिथे सवलत दिली. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेतीच्या प्रयोगांसाठी हीच यादृच्छिक वाटणी रुजवली. खताची मात्रा कुठल्या वाफ्याला हे माणसाने ठरवायचं नाही, नशिबाने ठरवायचं.

तरीही यंत्रणा विरुद्ध आकडे अशी लढाई मला मांडायची नाही. माझं सगळ्यात आवडतं मॉडेल दोन्हींचं मिळून आहे: भरती-ओहोटीचं. समुद्राची पातळी कोणत्या लयींत हलणार हे खगोलशास्त्र सांगतं. चंद्राची मुख्य लय १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची, आणि अशा आणखी कितीतरी. त्या आकड्यांना हात लावायचा नाही. पण एखाद्या बंदरात कुठली लय किती उंच आणि किती उशिरा येईल, हे किनाऱ्याच्या आणि तळाच्या आकारावर ठरतं, आणि ते सिद्धांताने काढणं फार अवघड. म्हणून ते तिथल्या मोजमापांना बसवून घ्यायचं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७० च्या दशकात कप्प्या आणि दोरीचं यंत्र करून या लयींची बेरीज केली. संगणक येईपर्यंत तशीच यंत्रं भरतीची कोष्टकं काढत होती. लयी सिद्धांताच्या, उंची आकड्यांची. नवं काम हाती घेतलं की मी आधी हेच पाहतो, की यातलं काय मला आधीपासून माहीत आहे आणि काय आकड्यांना विचारायचं आहे.

मॉडेल आणि निरीक्षण जुळेनासं झालं की काय करायचं, हा भौतिकशास्त्रातही सुटलेला प्रश्न नाही. युरेनस ठरल्या वाटेवरून हलला तेव्हा लव्हेरिए यांनी सिद्धांत धरून ठेवला, न दिसलेला ग्रह मानला, आणि १८४६ मध्ये सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाच्या कक्षेत शतकाला काही विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) तफावत निघाली. त्यांनी १८५९ मध्ये तोच उपाय सुचवला: आतल्या बाजूला आणखी वस्तुमान असणार. वर्षानुवर्षं लोक तो ग्रह शोधत राहिले. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सिद्धांतातून शतकाला ४३ विकला बाहेर पडल्या. तोच माणूस, तीच रीत, एकदा बरोबर आणि एकदा चूक. आधीच कसं ओळखायचं, हे मला खरोखर सांगता येत नाही.

जोखीममापक

+१, विशेषतः सवलतीच्या उदाहरणाला.

अनुत्तरित यांच्यासाठी एक कोडं ठेवतो, कारण ते वित्त आणि जीवशास्त्र दोन्हींत आहे. नाणं उडवायचं. छापा आला तर तुमची रक्कम ५० टक्के वाढते, काटा आला तर ४० टक्के घटते. सगळी रक्कम प्रत्येक डावात लावायची. सरासरीने डावागणिक ५ टक्के फायदा आहे. खेळाल का?

सूक्ष्मदर्शी

मध्येच बोलते, कारण माझ्या क्षेत्रातलं याचं उत्तर मला फार आवडतं. एकदा छापा आणि एकदा काटा म्हणजे १.५ गुणिले ०.६, म्हणजे ०.९. दोन डावांत दहा टक्के गेले. गुणाकाराच्या खेळात सरासरी उपयोगाची नाही, भूमितीय सरासरी, म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार करून काढलेली, पाहावी लागते. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये यावरून काढलं की रकमेचा किती भाग लावायचा. या खेळात तो पाव भाग येतो.

वाळवंटातल्या एका वर्षाच्या वनस्पती हेच करतात. पावसाच्या वर्षी बियाणं अनेकपटीने वाढतं, कोरड्या वर्षी उगवलेलं सगळं मरतं. सगळ्या बिया दर वर्षी उगवल्या तर एकाच दुष्काळात वंश संपेल. म्हणून काही बिया पाऊस पडला तरी जमिनीत झोपून राहतात. किती राहाव्यात याचं गणित डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये मांडलं, आणि ते केली यांच्या गणिताचं सख्खं भावंड आहे. इथे दोलक यांच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर आहे: रकमेच्या जागी बिया, डावाच्या जागी वर्ष, आणि गुणाकार दोन्हीकडे खराखुरा. कुणी काही ओढून-ताणून बसवलेलं नाही.

अनुत्तरित

काल रात्री संगणकावर करून पाहिलं. १,००० जण, प्रत्येकी १०० डाव, सगळी रक्कम लावून. मधल्या माणसाकडे सुरुवातीच्या अर्धा टक्काच उरतो. सुरुवातीपेक्षा पुढे गेलेले १२९ जण, सूत्राने १३६ च्या आसपास यायला हवे होते. इथपर्यंत जमलं.

पण सरासरी जुळत नाही. १.०५ चा शंभरावा घात म्हणजे १३१ पट व्हायला हवी, माझी आली १९ पट. त्यातलेही १२ पट एकाच माणसाचे, ज्याला ६६ छापे पडले. आधी वाटलं प्रोग्रॅममध्ये चूक आहे, तीनदा तपासला.

जोखीममापक

प्रोग्रॅम बरोबर आहे. ती १३१ पट सरासरी सत्तरहून जास्त छापे पडणाऱ्यांच्या जिवावर उभी आहे, आणि असा माणूस १,००० जणांत बहुधा सापडतच नाही. काही लाख जण घेऊन चालवा, मग हळूहळू जवळ येईल. प्रत्यक्षातली गुंतवणूक करणारा मात्र एकच असतो आणि त्याला एकच आयुष्य मिळतं.

अनुत्तरित

पाव भाग लावून चालवलं. मधला माणूस १.८६ पटीवर, १,००० पैकी ६८७ जण पुढे. लाखाचं आज रात्री लावते. सूक्ष्मदर्शी मॅडम, बियांच्या मॉडेलमध्ये झोपून राहिलेल्या काही बिया जमिनीतच मरत असतील ना? ते प्राचल कुठे घालायचं?

सूक्ष्मदर्शी

हो, मरतात, आणि कोहेन यांच्या समीकरणात ते आहे. न उगवलेल्या बियांच्या पदाला तगण्याच्या प्रमाणाने गुणा. ते प्रमाण कमी करत न्या आणि उगवणीचा उत्तम भाग कसा सरकतो ते पाहा. आलेख इथे टाका, मला पाहायचा आहे.